फ्रेंच कंट्री क्विल्टसाठी कापड निवडताना आधी जमीन बघा, मग फुलं

फ्रेंच कंट्री क्विल्ट, म्हणजे फ्रान्समधल्या गावाकडच्या घरांच्या धाटणीची गोधडी, करायचा ठरला की आपण सगळ्यात आधी काय करतो, तर फुलं बघत सुटतो. गुलाब, लॅव्हेंडर, झाडाखाली बसलेली मेंढपाळ मुलगी, निळे पट्टे, जे दिसेल ते आवडतं आणि घेतलं जातं. मग घरी येऊन सगळे तुकडे पलंगावर पसरले की कळतं, प्रत्येक कापड सुंदर आहे पण एकमेकांशी बोलत नाहीयेत.

माझ्या पहिल्या क्विल्टला हेच झालं. लाल त्वाल घेतलं होतं, म्हणजे सायीसारखी जमीन आणि त्यावर विटकरी लाल रंगात गावाकडची चित्रं, आणि जोडीला घेतलं पांढरंशुभ्र प्लेन, कारण पांढरं सगळ्यावर चालतं हे डोक्यात पक्कं बसलेलं. बारा ब्लॉक, म्हणजे क्विल्टचे सुटे चौकोन, शिवून भिंतीवर लावले आणि बहीण म्हणाली, "ताई, हे चित्रांचं कापड धुतलं नाहीस का गं, मळकं दिसतंय." ते मळकं नव्हतं, नवंकोरं होतं, शेजारच्या पांढऱ्यामुळे ते मळकं दिसत होतं. सगळे बारा ब्लॉक उसवले, पांढरं काढलं, त्याजागी मांजरपाटाच्या रंगाचं कापड लावलं आणि तेच त्वाल एकदम उजळलं. दोन्ही वेळा त्वाल तेच, फुलं तीच, फक्त जमीन जुळली.

जमीन म्हणजे नक्षीच्या मागे पसरलेला रंग. कापडवाले हा शब्द रोज वापरतात, आपण शिवणारे मात्र विसरतो. माझं स्पष्ट मत आहे की फ्रेंच कंट्री लूक हा फुलांपेक्षा जमिनीवर जास्त उभा असतो, म्हणून खाली जे काही सांगतेय त्यात हा मुद्दा सारखा येईल.

आधी थोडं, ही कापडं अशी का दिसतात

हा भाग इतिहासासाठी इतिहास म्हणून सांगत नाहीये, कापायला घेतल्यावर याचा थेट उपयोग होतो.

सतराव्या शतकात मार्सेय बंदरात भारतातून छापील सुती कापड उतरायला लागलं आणि फ्रान्समधली माणसं त्याच्या प्रेमात पडली. पक्का रंग, धुतला तरी न जाणारा, अंगाला हलका. त्या कापडाला तिथे नावच पडलं अँदिएन, म्हणजे भारतातलं. मग मार्सेयमध्येच त्याची नक्कल छापायला सुरुवात झाली, अगदी १६४८ च्या सुमाराला. रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांचा धंदा बसायला लागला म्हणून राजाने १६८६ मध्ये छापील सुती कापडावर बंदी घातली, आणलं तरी गुन्हा, छापलं तरी गुन्हा, अंगावर घातलं तरी गुन्हा. ही बंदी १७५९ पर्यंत टिकली आणि एवढी वर्षं लोकांनी चोरूनमारून ते कापड वापरलंच.

बंदी उठल्यावर लगेच १७६० मध्ये ओबेरकाम्फ नावाच्या जर्मनीत जन्मलेल्या माणसाने पॅरिस आणि व्हर्सायच्या जवळ ज्यूई-आँ-जोसास या गावात छपाईचा कारखाना काढला. सुरुवातीला तिथे लाकडी ठसेच होते, १७७० मध्ये कोरलेल्या तांब्याच्या प्लेटने छपाई सुरू झाली आणि ज्याला आपण त्वाल द ज्यूई म्हणतो ते एकरंगी चित्रांचं कापड तिथून जगभर गेलं. १७८३ पासून झाँ-बातिस्त ह्युए हा चित्रकार त्यांच्यासाठी चित्रं काढायचा, मेंढ्या, कारंजी, पडके खांब, झोपाळ्यावरच्या बायका, हे सगळं त्या काळातलं.

आता उपयोग बघा. लाकडी ठसा हातात मावेल एवढाच असतो, म्हणून ठशाच्या कापडावरची नक्षी लहान, दाट आणि पुन्हा पुन्हा येणारी असते. तुम्ही त्याचा अडीच इंचाचा तुकडा कापा, त्यात पूर्ण बुट्टी येते. तांब्याची प्लेट मोठी असते, तिच्यावर बारीक रेघांनी एक अख्खा देखावा कोरलेला असतो, म्हणून त्वालचा अडीच इंचाचा तुकडा कापला तर हातात काय येतं, मेंढीचे दोन पाय आणि अर्धं पान. म्हणजे दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सची ठशाची कापडं लहान तुकड्यांना, त्वाल मोठ्या तुकड्यांना. एवढं एक लक्षात ठेवलं तरी निम्म्या चुका टळतात. आज दोन्ही कापडं मशीनवर छापली जातात, पण नक्षीची ठेवण अजून तीच आहे.

पहिली पायरी: दक्षिणेचं घर की उत्तरेचं, ते ठरवा

फ्रेंच कंट्री असं एकच नाव घेतो आपण, पण त्यात मला दोन वेगळी घरं दिसतात आणि ती एकाच क्विल्टमध्ये कोंबली की गडबड होते.

एक घर दक्षिणेतलं, प्रोव्हान्सचं. तिथे ऊन कडक असतं आणि रंग त्याला पुरून उरणारे, म्हणजे केशरी पिवळा, मंजिष्ठेचा लाल, निळीचा निळा, ऑलिव्हचा हिरवा. जमीनसुद्धा बऱ्याचदा रंगीतच असते, पिवळ्या जमिनीवर लाल बुट्टी, निळ्या जमिनीवर पिवळी बुट्टी. तारास्कों गावात १९३९ मध्ये सुलेयादो हे नाव सुरू झालं ते याच ठशांच्या परंपरेवर, आणि त्या प्रोव्हान्साल शब्दाचा अर्थच आहे पाऊस पडून गेल्यावर ढगांतून येणारं ऊन. त्या कापडांकडे बघून नाव किती नेमकं आहे ते कळतं.

दुसरं घर जरा थंड, उत्तरेकडचं म्हणा. दुधी, राखाडी, फिकट निळा, वाळलेल्या गुलाबाचा रंग, कोरं लिनन, धान्याच्या पोत्यासारखे जाड विणीचे पट्टे. इथे जमीन नेहमी फिकी आणि नक्षी त्याहून थोडीशीच गडद.

दोन्हीतलं एक निवडा आणि कागदावर लिहून ठेवा. दुकानात गेल्यावर पिवळं इतकं गोड दिसतं की उत्तरेच्या क्विल्टसाठी निघालेली मी दोनदा तरी पिवळं घेऊन आलेय, ती कापडं नंतर वेगळ्या क्विल्टमध्ये लागली. क्विल्टिंगच्या नेहमीच्या कापडात हवं असेल तर मोडा या कापड कंपनीच्या फ्रेंच जनरल मालिकेत लाल, निळा आणि दुधी हा तिसरा, मधला मार्ग सापडतो, आणि पहिला क्विल्ट करणाऱ्याला तो सोपा जातो, कारण एकाच मालिकेत जमिनी आधीच जुळवलेल्या असतात.

दुसरी पायरी: एक मुख्य कापड

ज्याच्यावर तुमचा जीव बसलाय असं एकच कापड आधी घ्या. बाकी सगळी त्याच्यासाठी. ते त्वाल असू दे, मोठ्या फुलांचं असू दे किंवा प्रोव्हान्सचं किनार छापलेलं कापड असू दे. त्याच्या सेल्वेजवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, रंगांचे छोटे गोल छापलेले असतात, क्विल्टिंगच्या बहुतेक कापडांवर असतात, ते बघा. छपाईत कोणते रंग वापरलेत ते तिथे सुटे सुटे दिसतात. पण एक सांगते, त्या गोलांशी तंतोतंत जुळवत बसू नका, रंग थोडा पुढेमागे असला तरच क्विल्ट हळूहळू जमवल्यासारखा दिसतो.

लाल निवडताना नीट बघा. जुना फ्रेंच लाल मंजिष्ठेच्या जातीच्या एका झाडाच्या मुळ्यांपासून यायचा, त्याला तिकडे गारान्स म्हणतात, आणि अविन्योंच्या आसपास त्याची मोठी शेती होती. तुरटीच्या संस्काराने तो लाल ते गुलाबी व्हायचा, लोखंडाच्या संस्काराने जांभळट तपकिरी ते काळा, एकाच रंगाच्या भांड्यातून. म्हणून त्या कापडांत लाल आणि तपकिरी शेजारी शेजारी इतके सुखाने नांदतात. तुमचा लाल वीट किंवा गेरूकडे झुकणारा हवा. राणी कलरकडे झुकायला लागला की फ्रान्स संपलं.

हिरव्याचंही तसंच आहे. जुन्या छपाईत हिरवा वेगळा नसायचा, निळा आणि पिवळा एकावर एक चढवून हिरवा करायचे. पिवळा आधी उडतो, म्हणून जुन्या कापडांवरची पानं निळसर झालेली दिसतात. त्यामुळे निळसर हिरवा किंवा ऑलिव्ह घ्या, पोपटी टाळा.

तिसरी पायरी: जमीन जुळवा, हीच खरी मेहनत

हे घाईत करू नका. दिवसा, खिडकीशी, ट्यूबलाइट बंद करून.

छपाईचा साधा पांढरा कागद घ्या आणि मुख्य कापडाच्या शेजारी ठेवा. कागद झगझगीत पांढरा असतो, त्यामुळे कापडाची जमीन नक्की कुठल्या बाजूला कललीय ते लगेच कळतं. पिवळसर आहे का, गुलाबीसर आहे का, का राखाडी. डोळ्यांना नुसतं बघून सगळंच क्रीम वाटतं, कागद ठेवला की खोटं टिकत नाही. मग बाकीचं प्रत्येक कापड त्याच कागदाशेजारी ठेवून बघा आणि चिठ्ठी लावा, पिवळसर, गुलाबीसर, राखाडी, पांढरं.

पिवळसर दुधी आणि गुलाबीसर दुधी शेजारी आले तर दोन्ही आजारी दिसतात. पिवळसर दुधी आणि कोरं लिनन मात्र छान जमतात. राखाडी जमिनीला पांढरं चालतं पण अगदी शुभ्र नको, जरा मोडलेलं हवं. आणि मघाशी सांगितलं तसं सायीच्या रंगाच्या त्वालशेजारी पांढरंशुभ्र कधीच नाही. शुभ्र कापडात चमक आणणारं रसायन असतं, उन्हात ते आणखी चमकतं, आणि शेजारचं सगळं म्हातारं करून टाकतं.

जमीन रंगीत असेल, प्रोव्हान्सच्या कापडासारखी, तर नियम जरा बदलतो. तिथे दोन कापडांनी जमिनी बदलून घेतलेल्या असल्या की मजा येते, म्हणजे एकात पिवळ्या जमिनीवर निळी बुट्टी आणि दुसऱ्यात निळ्या जमिनीवर पिवळी. दोघांचं रक्त एकच, म्हणून भांडत नाहीत.

जमीन अगदीच जुळत नसेल आणि कापड सोडवत नसेल तर चहाच्या पाण्यात बुडवून शुभ्र कापड दुधी करता येतं, बरेच जण करतात. पण चहात टॅनिन असतं, ते वर्षांनुवर्षं कापडात राहतं आणि धाग्याला कमजोर करतं, त्यामुळे जो क्विल्ट पुढच्या पिढीला द्यायचाय त्यात मी करत नाही. कापड उलटं करून बघा त्याऐवजी. बऱ्याच छापील कापडांची उलटी बाजू फिकट, उन्हात विटल्यासारखी असते आणि या शैलीला ती अगदी शोभते.

चौथी पायरी: सोबतीची कापडं

एका क्विल्टला साधारण सहा ते आठ कापडं पुरतात. मी अशी घेते: मुख्य एक, बारीक बुट्टीची दोन किंवा तीन, पट्ट्याचं एक, चौकडीचं एक, आणि लांबून प्लेन वाटेल असं एक किंवा दोन.

बारीक बुट्टीची निवडताना एक बुट्टी सुटी सुटी हवी, जमीन भरपूर दिसणारी, आणि एक दाट. दोन्ही दाट घेतल्या तर डोळ्याला बसायला जागा उरत नाही.

पट्टा आणि चौकडी हे या शैलीचे घरकामातले लोक आहेत. पट्ट्याचं टिकिंग हे मूळचं गादीच्या खोळीचं कापड, इतकं घट्ट विणलेलं की आतली पिसं किंवा पेंढा बाहेर येऊ नये. चौकडीला फ्रान्समध्ये व्हिशी म्हणतात, व्हिशी गावावरून. १९५९ मध्ये ब्रिजित बार्दो या फ्रेंच अभिनेत्रीने लग्नात गुलाबी व्हिशीचा ड्रेस घातला आणि ही स्वयंपाकघरातली चौकडी एकदम फॅशनमध्ये आली. घेताना कापड उलटवून बघा. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या तर पट्टा विणलेला आहे, एकच बाजू गडद असेल तर छापलेला. विणलेला पट्टा धाग्याबरोबरच जातो, त्यामुळे धाग्यावर कापलं की तो सरळ येणारच. छापलेला पट्टा कधीकधी धाग्याला तिरका असतो, आणि मग तुम्ही धागा सांभाळला तर पट्टा वाकडा, पट्टा सांभाळला तर कापड ओढलं जातं. तिरका छापलेला असेल तर मी ठेवून देते, कितीही आवडला तरी.

लॅव्हेंडरच्या जुड्या, मधमाश्या, कोंबडे, जुन्या पत्रावरचं अक्षर, आयफेल टॉवर, असली कापडं पण फ्रेंच म्हणून विकली जातात. मधमाशी आणि लॅव्हेंडर एखाद्या ठिकाणी गोड दिसतं. आयफेल टॉवर मी घेत नाही, शहराची खूण आहे ती, गावाकडच्या घराच्या क्विल्टमध्ये तिचं काम नाही.

मग सगळी कापडं एकावर एक दुमडून ठेवा, प्रत्येकाची दोन बोटं रुंद पट्टी दिसेल अशी, आणि मोबाइलवर फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करा. रंग गेले की फिकं-गडद उघडं पडतं. फ्रेंच कंट्रीत नेहमी होणारी चूक म्हणजे सगळंच मध्यम, त्वाल मध्यम, फुलं मध्यम, चौकडी मध्यम, आणि क्विल्ट लांबून डाळीसारखा एकजीव दिसतो. फोटोत किमान एक कापड स्पष्ट गडद आणि दोन स्पष्ट फिकी दिसायला हवीत. लाल-पांढऱ्या किंवा निळ्या-पांढऱ्या बारीक चौकडीची गंमत अशी की जवळून ती उठावदार असते, दहा फुटांवरून मध्यम गुलाबी किंवा मध्यम आकाशी होते, तेव्हा तिला गडद समजून घेऊ नका.

पाचवी पायरी: वजन आणि पोत

क्विल्टिंगचं सुती कापड साधारण १३५ ते १५० जीएसएमचं (म्हणजे एका चौरस मीटरला इतके ग्रॅम) असतं आणि पन्हा ४४-४५ इंच. खरं त्वाल किंवा प्रोव्हान्सचं कापड बऱ्याचदा पडद्यासाठी आणि टेबलक्लॉथसाठी बनवलेलं असतं, जाड आणि जास्त पन्ह्याचं, ५४ इंच किंवा त्याहून मोठं. मोठ्या चौकोनांना ते चालतं. पण बारा तुकडे एका बिंदूत मिळणाऱ्या ब्लॉकमध्ये घातलं तर तिथे गाठोडं होतं, मशीनचा पाय चढत नाही. जाड कापड असेल तर शिवण एका बाजूला न पाडता उघडून इस्त्री करा, बराच फरक पडतो. आणि टेबलक्लॉथसाठी मेणासारखा थर दिलेलं कापड असतं, लांबून ओळखू येत नाही, बोट फिरवलं की गुळगुळीत लागतं, ते क्विल्टला अजिबात नको, सुईची भोकं कायमची राहतात.

लिनन वापराच, कारण त्याच्याशिवाय हा लूक फार गोड गोड होतो. पण लिननचे धागे सुटतात. पाव इंचाच्या शिवणीत ते टिकत नाही, अर्धा इंच सोडा नाहीतर मागे पातळ इंटरफेसिंग, म्हणजे आधाराचं कापड, इस्त्रीने चिकटवा. कापायच्या आधी स्टार्च मारून कडक करा म्हणजे सरकत नाही. जुने लिननचे टॉवेल मिळाले, ज्यांना फ्रेंचमध्ये तॉर्शों म्हणतात, कडेला लाल पट्टी आणि कोपऱ्यात लाल धाग्याने भरलेली नावाची अक्षरं, तर ती अक्षरं ब्लॉकच्या मध्यावर आणून कापा. उजेडात धरून बघा मात्र, विरलेली जागा असेल तर तेवढी सोडून द्या, क्विल्टमध्ये पहिली फाटणार ती तीच.

सहावी पायरी: किती घ्यायचं

हा हिशोब एकदा स्वतः करून बघा, मग दुकानात घाबरायला होत नाही. धरून चला की क्विल्ट ६० बाय ७२ इंच आहे, १२ इंचाचे ३० ब्लॉक, पाच आडवे, सहा उभे. त्यातले १५ ब्लॉक अख्ख्या त्वालचे.

ब्लॉक कापायचा साडेबारा इंचाचा, दोन्हीकडे पाव इंच शिवण धरून. ४२ इंच वापरता येणाऱ्या पन्ह्यात तीन बसतात, म्हणजे पाच पट्ट्या, साडेबासष्ट इंच, पावणेदोन यार्डला पुरतं (यार्ड म्हणजे ३६ इंच). हा झाला देखावा कुठेही कापला तरी चालेल असा हिशोब.

पण तुम्हाला प्रत्येक ब्लॉकच्या मध्यावर मेंढपाळ मुलगी हवी असेल तर पूर्ण हिशोब बदलतो. समजा देखावा २४ इंचांनी पुन्हा येतो आणि पन्ह्यात ती मुलगी दोनदा येते. १५ मुलींसाठी आठ वेळा देखावा लागेल, आठ गुणिले चोवीस म्हणजे १९२ इंच, जवळजवळ साडेपाच यार्ड. पावणेदोनचे साडेपाच! म्हणून कापड घ्यायच्या आधी टेपने मोजा, एका मुलीच्या नाकापासून खालच्या मुलीच्या नाकापर्यंत किती इंच. मी हल्ली मधला मार्ग काढते, पाच-सहा ब्लॉक मोजून मापून मध्यावर आणते, बाकीचे झाडं, ढग, कुंपण जिथे येईल तिथे. उरलेली चिंधी पण वाया जात नाही, त्वालच्या रिकाम्या जागा बारीक तुकड्यांत सुंदर दिसतात.

त्वालला वर-खाली असतं हे विसरू नका. मेंढी उलटी लटकली तर क्विल्टभर तीच दिसत राहते. अस्तराला त्वाल लावायचं असेल तर इथेही फरक पडतो. चारी बाजूंना चार इंच जास्त धरून अस्तर ६८ बाय ८० लागतं. साधं बुट्टीचं कापड आडवं जोडलं तर ६८ इंचाचे दोन तुकडे, चार यार्डात होतं. त्वाल उभंच लावावं लागतं, ८० इंचाचे दोन, म्हणजे साडेचार यार्ड. बाइंडिंगला, म्हणजे कडेला शिवायच्या पट्टीला, अडीच इंचाच्या सात पट्ट्या, अर्ध्या यार्डात अगदी काठावर बसतं, मी थोडं जास्तच घेते. पट्ट्याच्या कापडाचं बाइंडिंग तिरकं कापलं तर कडेने तिरप्या रेघा येतात, फार देखणं दिसतं, फक्त त्याला पाऊण यार्ड धरा.

फ्रान्समधून मागवत असाल तर तिकडे मीटरवर विकतात, एक यार्ड म्हणजे ९१.४४ सेंटीमीटर, उलटं समजून हिशोब चुकलेला बघितलाय मी.

सातवी पायरी: धुऊन घ्या

एकाच क्विल्टमध्ये लाल आणि दुधी एकत्र येणार असतील तर धुण्यावाचून सुटका नाही. आधी पांढरा ओला रुमाल लाल कापडावर जोरात घासा. मग एक तुकडा कोमट पाण्याच्या ग्लासात अर्धा तास ठेवा, पाणी गुलाबी झालं तर तो तुकडा पिळून पांढऱ्या कापडावर ठेवून वाळू द्या. पाण्यात रंग आला तरी पांढऱ्यावर डाग बसला नाही तर फार काळजी नाही. डाग बसला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, आणि नाहीच थांबला तर ते लाल कापड या क्विल्टमध्ये नको. तयार क्विल्टच्या पहिल्या धुण्यात रंग धरणारे कागद टाका, एक नाही, तीन-चार.

लिनन सुतीपेक्षा जास्त आटतं, म्हणून ते दोनदा धुऊनच मग सुतीच्या शेजारी शिवा.

शेवटी, कापडाला जागा द्या

प्रोव्हान्समध्ये क्विल्टची परंपरा तुकडे जोडण्याची कमी आणि अख्ख्या कापडाची जास्त. मधे एक छापील कापड, भोवती दुसऱ्याची रुंद किनार, आणि सगळीकडे बारीक धावदोरा. मार्सेयमध्ये तर पांढऱ्या कापडाच्या दोन थरांत नक्षी शिवून मागून सुताची वात भरायचे, त्याला बुती म्हणतात, उजेडाशी धरलं की न भरलेली जागा झिरझिरीत दिसते आणि भरलेली नक्षी गडद. लँगदॉकमधल्या काल्व्हिसों गावात या कलेचं स्वतंत्र संग्रहालय आहे. हे सांगायचं कारण, इतकं निवडून आणलेलं कापड दोन इंचाच्या त्रिकोणांत चिरडू नका. मोठे चौकोन, रुंद किनारी, मधे बारीक बुट्टीच्या पट्ट्या, एवढं साधं डिझाइन पुरतं, आणि जी प्लेन जागा राहील तिथे टाक्यांनी पानंवेली काढा.

वॅडिंग, म्हणजे आतला भरावाचा थर, पातळ आणि सुती घ्या. धुतल्यावर ते थोडं आटतं आणि क्विल्टवर बारीक सुरकुत्या येतात, जुन्या क्विल्टसारख्या. दोरा ५० नंबरचा सुती, आणि रंग निवडताना परत तेच करा जे सुरुवातीला केलं, पांढरा कागद काढा, दोऱ्याचं टोक मुख्य कापडाच्या जमिनीवर ठेवा, आणि जो दोरा दिसेनासा होईल तो घ्या.